कातरणीनंतरचा पाऊस

बानाबाईला थंडी मुलखागणिक ओळखू यायची. पैठणकडची, गोदाकाठची थंडी ओली असते, ती मेंढराच्या खुरांतून वर चढते. म्हणून तिकडं वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, नदीपासून लांब, मुरमाड जागी टाकायचा. अजिंठ्याच्या डोंगरावरची थंडी कोरडी, पण वाऱ्याची. तिथं टेकाडाची पाठ धरायची. आणि घाट उतरून खानदेशात गेलं की दुपारी डोक्यावरचा पदर नकोसा होतो, पहाटे मात्र कोकरं आईच्या पोटाखालून तोंड बाहेर काढत नाहीत. तिथं उन्हं अंगावर आल्याशिवाय त्यांना उठवायचं नाही. हे तिला कुणी पाटीवर लिहून दिलं नव्हतं. चाळीस वर्षं या तिन्ही मुलखांतून मेंढरांमागं चालून ते तिच्या अंगात भिनलं होतं.

आभाळाचंही तसंच. तिचा सासरा पोलीस ॲक्शनच्या वेळी बारा-तेरा वर्षांचा पोर होता. रझाकारांच्या भीतीनं त्यांच्या लोकांनी मेंढरं डोंगरात दडवली होती, आणि कितीतरी दिवस खाली गावात उतरायची सोय नव्हती. वर आभाळ, खाली मेंढरं, तिसरं बघायला काही नाही. म्हणून आपण आभाळ वाचायला शिकलो, असं तो सांगायचा. त्यानं ती विद्या पोराला दिली नाही, सुनेला दिली, कारण पोरगा म्हणजे बानाबाईचा नवरा मुंजाबा एका जागी गप्प बसणारा नव्हता. मेंढी तोंड कुठं करून बसते, मिठाची पिशवी हाताला कशी लागते, चंद्राचं खळं जवळ पडलंय की लांब, एवढ्यावर बानाबाई पाऊस सांगायची आणि तो बहुतेक वेळा यायचा.

सिल्लोडच्या पट्ट्यातले शेतकरी वाड्यावर येऊन विचारत, "बानाबाई, कापूस आज वेचू का परवा?" हवामान खात्याला पगार मिळतो, बानाबाईला चहा मिळायचा, आणि तेवढ्यावर ती खूश होती. गर्व होता का? होता की. चांगला पायलीभर होता.

त्या गर्वाचा तडाखा एकदा तिच्या सुनेला बसला. सुगंधाबाई दहावीपर्यंत शिकलेली. नवरा बिरू वाळूजच्या कंपनीत कामाला, बजाजनगरात खोली करून राहणारा. पंधरा दिवसांनी एकदा वाड्यावर येणारा आणि आला की "आता विका ही मेंढरं" म्हणणारा. मुंजाबा गेल्यापासून कळप या दोन बायकाच सांभाळत होत्या. दोन वर्षांमागं असाच पाच-सहा शेतकऱ्यांचा घोळका वाड्यावर बसलेला असताना सुगंधा मोबाईल बघून म्हणाली, "उद्या पाऊस सांगितलाय." बानाबाईनं तिच्याकडं वळूनही न बघता सांगितलं, "आमच्या सुनंच्या डबड्यात लई पाऊस पडतो. आभाळात तेवढा पडत नाय." घोळका खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही, मग परत हसला. सुगंधाही हसली. मात्र त्या दिवसापासून तिनं सासूपुढं आभाळाचा विषय काढला नाही. संध्याकाळी मोबाईल बघायची आणि कमरेला खोचून भाकरी थापायला बसायची. सून ताळ्यावर आली, असं बानाबाईनं धरलं.

यंदा मार्गशीर्षात त्यांचा वाडा कडूबा पाटलाच्या रानात होता, सिल्लोडहून जळगावकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत. कडूबानं उन्हाळी कांद्यासाठी ते रान राखलं होतं. चार रोज मेंढरं बसवायची, लेंडीखत पडू द्यायचं, असं ठरलेलं. तिथंच सांडू आपली माणसं घेऊन कातरायला आला. कातरणाऱ्यांची पाळी दसऱ्याला सुपारी देऊन ठरते. ती हुकली तर ते फाल्गुनापर्यंत फिरकत नाहीत, तोवर लोकरीत गोखरू आणि गोचीड घर करतात. शिवाय वाड्यावर आलेला कातरणारा माघारी धाडला तर कळपाला खोड लागते, असं या लोकांत धरतात. सोमवारी सकाळी सांडू कातर परजत म्हणाला, "मावशी, हवा जरा दमट वाटती. सुरू करायचं ना?"

"मार्गशीर्षात कशाचा पाऊस रं?" बानाबाई म्हणाली. "बस खाली."

चौऱ्याहत्तर मेंढ्या कातरून झाल्या. बानाबाईनं कळपावर भंडारा उधळला, सांडूच्या माणसांना पुरणपोळी वाढली. कातरलेल्या मेंढ्या उघड्यानागड्या, हाडकुळ्या दिसत होत्या. कोकरांना आपल्या आया ओळखू येईनात, ती ओरडत इकडून तिकडं पळत होती. दरवर्षीचंच ते. ते बघून बानाबाई दरवर्षीसारखीच हसली.

बुधवारी उजाडलंच नाही. म्हणजे दिवस वर आला, पण उजेड आला नाही. उगवतीकडून एक गार, सलग वारा सुटला होता. सातला बुरबुर लागली. आठला तिचा पाऊस झाला.

पावसाला बानाबाई भीत नव्हती. आषाढातला पाऊस मेंढरं अंगावर घेतात, झाडतात आणि चरायला लागतात. पण आषाढात पाऊस कोमट असतो आणि अंगावर बोटभर लोकर असते. हा पाऊस हाताला लागला तसा तिनं हात झटकन मागं घेतला. विहिरीतून पहाटे काढलेल्या पाण्याइतका तो गार होता, आणि खाली चौऱ्याहत्तर मेंढ्यांची कातडी उघडी होती. वाघरीच्या, म्हणजे वाड्याभोवती ताणलेल्या जाळीच्या आत मेंढरं एकमेकांना चिकटून, माना खाली घालून उभी राहिली.

"दहापर्यंत उघडंल," ती म्हणाली. सुगंधानं कोकरं पालात घेतली, वर घोंगड्या टाकल्या.

ते दोन तास बानाबाईला पुढं जन्मभर खुपले. माणूस चूक करतो ती करतो, वर ती खरी ठरावी म्हणून वाट बघत बसतो. खालची काळी माती फुगली, मेंढरांचे पाय घोट्यापर्यंत आत गेले. साडेनऊला कडेची एक गाभण मेंढी पुढचे पाय दुमडून खाली बसली. बानाबाईनं तिला शेपटीला धरून उठवली, ती पुन्हा बसली. तिचे कान बर्फासारखे गार होते. सुगंधानं गूळ आणि ओवा तिच्या तोंडात कोंबला, तो तसाच जिभेवर राहिला. दहाला आभाळ उघडलं नाही आणि मेंढी मेली.

"आत्याबाई," सुगंधा म्हणाली, "दुसरी बसली."

तेव्हा कुठं बानाबाई हलली. "वाघर सोड! इथं एकबी बसू द्यायची नाय. उभी हाय तवर जिती, बसली की गेली. चालव त्यांला."

"कुठं चालवू?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. चहूकडं उघडं रान, आणि बाभळीखाली उभं राहावं तर एका थेंबाचे दोन थेंब अंगावर. तेवढ्यात बांधावरून डोक्यावर खताची गोणी घेतलेला कडूबा धावत आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"बानाबाई, वस्तीवर आणा मेंढरं! पत्र्याचं शेड हाय माह्यं, मोठं हाय. द्वारका म्हणली, जाऊन घेऊन या त्यांला."

"शेडात काय हाय?"

"मका हाय. मळून टाकलेला ढीग. पर निम्मं मोकळं हाय की."

बानाबाई जागीच उभी राहिली. कडूबाला वाटलं तिला संकोच वाटतोय. संकोच कसला? भुकेलं मेंढरू मक्याच्या ढिगाला लागलं की थांबत नाही. दोन-तीन शेर गिळतं, वर पाणी पितं, आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगून पाय झाडतं. मुंजाबाच्या चुलत्याचा निम्मा कळप एका खळ्यावर असाच गेला होता. बाहेर थांबावं तर थंडी खाणार, आत जावं तर मका. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळेना की मेंढरांना घेऊन जावं कुठं.

तिसरी मेंढी बसली आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

"चला," ती म्हणाली. "सुगंधे, वाघर गुंडाळून सामानाच्या घोडीवर टाक. सगळी घे, एक वावभर जाळी मागं ठेवू नको."

वस्ती पाऊण कोसावर. एरवी अर्ध्या तासाची वाट, त्या दिवशी दोन तास लागले. पुढं ढवळी, कळपाची वाट दाखवणारी नऊ वर्षांची मेंढी, गळ्यात घुंगूर. मागं बाकीचा कळप, आणि सगळ्यांच्या मागं बसणाऱ्या मेंढ्यांना ओढत, ढकलत, शिव्या देत दोन बायका. घोडीच्या दोन्ही अंगांना झोळ्यांत कोकरं कोंबलेली. बानाबाईचं लुगडं अंगाला चिकटलं होतं, बोटं वाकत नव्हती. ती एकेका मेंढीला नावानं हाक मारत होती आणि मनात बिरोबाला म्हणत होती, माझं काय व्हायचं ते होऊ दे, यांनी काय केलंय? वाटेत पाच मेंढ्या राहिल्या. पाचवीला सुगंधानं खांद्यावर घेतलं, शंभरेक पावलं चालली, आणि मग खाली ठेवली. ठेवताना तिनं तिचं तोंड वाऱ्याकडून वळवलं. मेलेल्या मेंढीला आता वारा लागला काय न लागला काय, पण बानाबाईनं ते बघितलं आणि तिला हुंदका फुटला.

शेडाच्या दारात नवाच घोळ. ढवळी आत जाईना. जाईल कशी? तिच्या नऊ वर्षांत ती कधी छपराखाली गेलीच नव्हती. जन्म उघड्यावर, वाढ उघड्यावर. पत्र्यावर ताशा वाजल्यासारखा पाऊस वाजतोय आणि आत अंधार. ती पाय रोवून उभी राहिली, मागं सगळा कळप तुंबला. कडूबा काठी उगारून पुढं झाला.

"मारू नका, भाऊ! उधळंल." बानाबाईनं झोळीतून ढवळीचं कोकरू काढलं, आत नेलं आणि त्याचा कान पिरगाळला. कोकरू कळवळून ओरडलं. ढवळीनं कान टवकारले, एकदा मागं बघितलं आणि उडी मारून आत आली. मागोमाग पाण्याचा लोंढा शिरावा तसा कळप आत शिरला. आणि शिरल्या शिरल्या सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला वळली, मक्याकडं.

वाघर आणली होती ती ह्यासाठीच. मुंजाबानं स्वतः विणलेली ती जाळी दोघींनी या खांबापासून त्या खांबापर्यंत ढिगाच्या पुढं ताणली. पण जाळी लांडग्याला अडवायला असते, भुकेल्या मेंढीच्या नाकाला ती काय अडवणार? तेव्हा जाळीला पाठ लावून माणसंच उभी राहिली. या टोकाला बानाबाई, त्या टोकाला सुगंधा, मध्ये कडूबाची बायको द्वारकाबाई. ती मधूनच पळत जाऊन युरियाच्या रिकाम्या गोण्या आणायची, विळीवर चार भोकं पाडायची आणि मेंढीच्या अंगात घालायची. थोड्या वेळानं शेडात तीसेक मेंढ्या 'नायट्रोजन ४६ टक्के' असं पाठीवर मिरवत उभ्या होत्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी बानाबाई पोट धरून हसली असती.

कडूबानं दाराशी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या. तो कडब्याची पेंढी घेऊन एकेक मेंढी चोळत सुटला, आणि थरथरणाऱ्या पाठी जरा थांबल्यासारख्या वाटायला लागल्या. तरी दुपारी दोन वाजेपर्यंत आणखी दोन गेल्या. पाऊस सुरूच होता. तीन बायका नाकं ढकलत होत्या. मेंढ्यांना कळत नव्हतं की आपली माणसं आज आपल्याला खाऊ का देत नाहीत. त्या बें बें करत पुन्हा पुन्हा रेटत होत्या.

"किती वेळ चालायचं हे?" द्वारकाबाई म्हणाली. "आज थांबंल ना वो पाऊस?"

तिकडच्या टोकाहून सुगंधाच्या तोंडून निघून गेलं, "आज रातीपर्यंत हाय. सोमवारपासूनच दाखवत व्हतं, बुध..." आणि ती थांबली.

बानाबाईनं मान वळवली. "सोमवारपासून?"

सुगंधा जाळीची सैल गाठ आवळायला लागली.

"सोमवारी कातरणी व्हती," बानाबाई जाळी सोडून तिच्याकडं निघाली. "तुला ठावं व्हतं? मेंढरं नागवी करताना तू बघत उभी राहिली? पुरणपोळ्या लाटत बसली? तोंडाला काय कुलूप लावलं व्हतं तुह्या?"

"सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं, आत्याबाई?" सुगंधाचा आवाज चिरकला. "सांडूच्या चार माणसांपुढं आणखी एकदा हसू करून घेऊ माह्यं? रातभर झोपले नाय मी. हजारदा तोंडावर आलं. वाटायचं, खोटं ठरलं तर जन्मभर ऐकावं लागंल. मग म्हणलं, देवा, माह्या मोबाईलला खोटं पाड."

"म्हंजे चूक माही?"

"माही बी हाय! मी कुठं नाय म्हणते?"

द्वारकाबाई ओरडली तेव्हा दोघी भानावर आल्या. बानाबाईच्या सोडलेल्या टोकानं ढवळी जाळीखालून पलीकडं गेली होती आणि मक्यात तोंड घालून गपागप गिळत होती. बानाबाईनं झडप घालून तिला ओढली. किती वेळ गेला असेल? भांडणाला वेळ मोजत बसतं कोण? पण ढवळीच्या तोंडाला पिवळा चुरा लागला होता आणि डावी कूस आत्ताच टणक लागत होती.

मग त्या दोघी भांडायच्या राहिल्या. सुगंधानं द्वारकाबाईच्या घरातून गोडेतेल आणलं, बाटलीनं ढवळीच्या नरड्यात ओतलं. बानाबाई कूस चोळत राहिली. आळीपाळीनं दोघींनी तिला शेडातल्या त्या चार हातांच्या मोकळ्या जागेत फिरवलं, पाण्याच्या घमेल्याजवळ फिरकू दिलं नाही. ढवळी दात खायची, मान वळवून पोटाकडं बघायची, पुन्हा चार पावलं चालायची. तिचं कोकरू लुचायला यायचं, त्याला कडूबा उचलून बाजूला न्यायचा. "माय, चाल, चाल गं," बानाबाई म्हणत होती. तिला एकेका श्वासाची धास्ती वाटत होती. तिचा हात त्या कुशीवरून हलला नाही, आणि कूस काही मऊ झाली नाही.

दिवेलागणीला ढवळी गेली. पडताना घुंगूर वाजला.

बानाबाई तिच्याजवळ बसून राहिली. सुगंधा परत जाळीला पाठ लावून उभी होती, डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते. बानाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "सुगंधे, मीठ ओलं लागलं व्हतं मला."

"काय?"

"सोमवारी पहाटं. पिशवीत हात घातला तर मीठ बोटाला चिकटलं. म्हणलं, माहाच हात ओला असंल. हात कोरडा व्हता गं. सांडू बी बोलला, हवा दमट हाय. मला सगळं कळत व्हतं. पर कातरणारे दारात उभे, आन् बानाबाई म्हणणार का की थांबा, मला पावसाचं भ्या वाटतं? मार्गशीर्षात?" ती थांबली. "तू नाय मारली ढवळी. म्या मारली. आधीच्या आठ बी म्याच मारल्या."

सुगंधा नुसती "आत्याबाई" म्हणाली आणि एका मेंढीचं नाक मागं ढकललं.

पाऊस कमी होत आला होता. कडूबा कंदील घेऊन आला, दारात उभा राहून बाहेर बघितलं आणि वीस वर्षांच्या सवयीनं विचारून बसला, "मग बानाबाई, उद्याचं कसं?" विचारल्यावर त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

बानाबाई उठून दारापर्यंत गेली. वारा पडला होता. मावळतीकडं ढगांच्या खाली एक फट उघडली होती, तिच्यात दोन चांदण्या दिसत होत्या. उद्या लख्ख ऊन पडणार हे तिला दिसलं, जसं इतरांना भिंत दिसते तसं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"सुगंधे, तू सांग."

सुगंधानं कमरेचा मोबाईल काढला. बोटं गारठून नीट चालत नव्हती. "आता उद्या दुपारपर्यंत हाय, असं दाखवतंय," ती चाचरत म्हणाली. "बाराच्या पुढं उघडीप. आत्याबाई, पर तुमाला काय वाटतं?"

"दुपारपर्यंत म्हणली ना तू? मग मेंढरं दुपारपर्यंत हितंच."

ती रात्र त्यांनी पाळीपाळीनं जाळीजवळ काढली. पहाटेपर्यंत अंगात ऊब न आलेल्या आणखी दोन मेंढ्या गेल्या. अकरा झाल्या. उरलेल्या त्रेसष्ट मात्र सकाळी आपापल्या पायांवर उभ्या होत्या.

आणि सकाळी ऊन पडलं. साधंसुधं नव्हे, धुऊन काढल्यासारखं स्वच्छ, आभाळात औषधाला ढग नाही. वस्तीवरची माणसं शेडापुढं गोळा झाली. कडूबाचा भाऊ पुंजाराम दात घासत घासत मोठ्यानं म्हणाला, "का वो बानाबाई, दुपारपर्यंत पाऊस हाय म्हणं मोबाईलात?" दोघे-तिघे हसले आणि बानाबाईच्या तोंडाकडं बघायला लागले. आता ही सुनेला काय सुनावते ते ऐकायला.

सुगंधा दाराशी उभी होती. "आत्याबाई, चुकलं वो. सोडते मेंढरं. भुकेली हायेत."

"थांब." बानाबाई दाराच्या उंबऱ्यावर आडवी बसली. "दुपारपर्यंत थांबायचं ठरलंय."

"अवो, ऊन पडलंय!" पुंजाराम म्हणाला.

"मला डोळे हायेत," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "तू तुहे दात घास." मग सुगंधाकडं वळली आणि आवाज खाली आणला, पण एवढा नाही की बाकीच्यांना ऐकू जाऊ नये. "म्या चुकले तर अकरा गेली. तुह्या चुकीनं काय व्हईल? बारापर्यंत भूक लागंल, दुसरं काय? पर तू सांगत जा. खोटं ठरलं तरी सांगत जा. सगळ्यांपुढं सांगत जा."

सुगंधानं पदर तोंडाला लावला. मग कोयता घेतला आणि विहिरीवरच्या सुबाभळीचा पाला तोडायला गेली. पुंजाराम चूळ भरून निघून गेला. आत त्रेसष्ट मेंढ्या आणि आई नसलेली चार कोकरं एका सुरात ओरडत होती, बाहेर ऊन चढत होतं, आणि बानाबाई बारा वाजेपर्यंत उंबऱ्यावरून उठली नाही.